बाविसावा कोयता

११ मार्च २०१६

गीताच्या सांगण्यावरून ही दैनंदिनी सुरू करतो आहे. लेक बीडला असते, रोज फोन करते आणि रोज एकच विचारते, "आण्णा, दिवसभर काय केलं?" मला सांगता येत नाही. सत्तावीस वर्षं मी वळणवाडीच्या दूध संस्थेचा सचिव होतो. मागच्या महिन्यात गावातली सगळी जनावरं चारा छावणीत गेली, दूध थांबलं आणि संस्थेला कुलूप लागलं. किल्ली माझ्याकडेच आहे. शेवटी गीता वैतागून म्हणाली, मग लिहून तरी ठेवा, मी आल्यावर वाचीन. (वाचू नये. ही वही खाजगी आहे.)

वही संस्थेचीच, कोरी उरलेली. वर रकाने छापलेले आहेत : सकाळ, संध्याकाळ, लिटर, फॅट. त्यांच्याकडे दुर्लक्ष करून लिहितो आहे, पण नजर सारखी 'फॅट'कडे जाते.

आज भिवराबाई आल्या होत्या. नदीच्या वळणावर त्यांचं दोन खोल्यांचं पत्र्याचं घर आहे. नवरा चार वर्षांपूर्वी ऊसतोडीवर ट्रॉली उलटून गेला, तेव्हापासून एकट्याच असतात. म्हणाल्या, "शेक्रेटरी, नदीला टिपूस न्हाई आन् तरी कडा पडला. बिनपाण्याचा पडतोय. हे कसं वो?"

जाऊन पाहिलं. नदी म्हणजे नुसती वाळू, ती पण लोकांनी उपसून नेलेली. कडा आठ फूट उंच, सरळ उभा. मागच्या पुरांनी खालून पोखरलेला आणि वरून उन्हानं तडकलेला. टेप लावला. घराच्या भिंतीपासून कड्यापर्यंत तेवीस फूट. घर बांधलं तेव्हा सत्तर फूट होतं म्हणतात. घराच्या मागे गावाची पाण्याची विहीर आहे, म्हणजे घर गेलं की पुढचा नंबर विहिरीचा. हिशेबानं हे घर एक पावसाळा टिकेल, फार तर दोन.

तालुक्याला अर्ज लिहून दिला. अर्ज लिहिणं मला जमतं.

२१ मार्च

अर्जाचा निकाल लागला. मी विषय लिहिला होता : 'कडा ढासळत असल्याने तातडीने संरक्षण मिळणेबाबत.' कचेरीतल्या कुणा कारकुनानं ते कडा गाव समजून अर्ज कडा ग्रामपंचायतीकडे पाठवून दिला. तिथला माणूस आज चौकशीला आला. "आमचं गाव जागेवर हाय, शेक्रेटरी. ढासळतंय म्हणून कुणी सांगितलं?" त्याला चहा पाजला आणि वाटेला लावलं.

चूक कुणाची ते मला ठरवता येईना. 'काठ' लिहायला हवं होतं का? पण काठ निराळा आणि कडा निराळा. काठावर माणूस पाय सोडून बसतो. भिवराबाईंना सांगितलं तर त्या पदर तोंडाला लावून हसत सुटल्या. ज्याचं घर जायचंय तोच हसतो, हे मला कळलं नाही.

घर ते कडा : २३ फूट.

२६ मार्च

बद्रीनाथला बोलावून आणलं. शाळेत माझ्या बाकावर होता, पुढे पाटबंधाऱ्याकडे ओव्हरसियर झाला आणि आता घरी असतो. तो तासभर नदीत उकिडवा बसून कड्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, "हा उभा हाय तवर पडणारच. ह्याला निजवायचा."

म्हणजे असं : वरून सहा फूट माती तोडायची, ती खाली लोटायची आणि कड्याचा उतार करायचा. पायथ्याशी दगड रचायचे, त्यावर वाळूनं भरलेल्या गोण्या. गोण्या छावणीतून मिळतील, पेंडीच्या रिकाम्या पडून आहेत. पाऊस लागला की उतारावर वाळा लावायचा, त्याची मुळं माती धरतात.

"कडा वाचवायचा म्हणून आधी आपणच तोडायचा?" मी विचारलं.

"व्हय."

मला काही पटलं नाही. तेवीस फुटांतले सहा आपल्याच हातानं घालवायचे. ज्यांचं अंगण जाणार त्या भिवराबाईंना मात्र लगेच पटलं. "दाढ दुखत आसंल तर उपटावीच लागती," म्हणाल्या.

वळण दोनशे वीस फूट लांब. मृगाच्या आत व्हायला हवं. माणसं कुठून आणायची? यंदा ऊसच नव्हता, कारखाने लवकर बंद झाले आणि तोडीला गेलेले लोक शिवरात्रीलाच परत आलेत. त्यांचा मुकादम शहादेव. त्याला विचारलं, श्रमदानाला माणसं किती देशील?

"मी माणसं मोजत न्हाई, शेक्रेटरी. एकवीस कोयते देतो."

ऊसतोडीच्या टोळीची ही मोजणी. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटं माणूस असेल तर अर्धा कोयता. प्रत्येक कोयत्यानं आपापली पाथ धरायची आणि ती तडीला न्यायची. इथे दहा फुटांची एक पाथ. एकवीस कोयत्यांचे दोनशे दहा फूट झाले. दहा फूट उरतात, नेमके भिवराबाईंच्या घरासमोरचे.

३० मार्च

मारुतीच्या पारावर बैठक झाली. मी नोंदवही उघडली. एकवीस कोयत्यांची नावं लिहिली. भिवराबाई पुढे आल्या. मी नियमानं लिहिलं : 'भिवराबाई, अर्धा.'

त्यांना वाचता येतं हे मला माहीत नव्हतं. "मला अर्धी लिहू नका," त्या म्हणाल्या. "चार वर्सं झाली, समदे अर्धीच लिहितेत. मी काय अर्धी जेवते का अर्धी दमते?"

मुद्दा बरोबर होता, पण नियमही बरोबर होता. मी जरा विचार केला. श्रमदानात मलाही नाव द्यायचं होतंच, आणि बायको सारजा गेल्यापासून मीही एकटाच आहे. म्हणजे मीही अर्धाच. अर्धा आणि अर्धा मिळून एक. शिवाय उरलेली पाथ एकच होती. सगळं चपखल बसलं. लिहिलं : 'कोयता क्र. २२ : सुंदरराव, भिवराबाई.'

मग रिवाजाप्रमाणे सगळी यादी देवळाच्या माईकवर वाचली. बाविसावं नाव वाचताच बायकांत हशा पिकला. शहादेवनं तोंड फिरवलं. बद्रीनाथला जोराचा ठसका लागला. माझ्या वयाला खोरं झेपायचं नाही म्हणून हसत असावेत. हसू देत. मी खोरं धरून दाखवीन.

८ एप्रिल, पाडवा

कामाला सुरुवात. सकाळी सहा ते नऊ, पुढे ऊन सोसत नाही. भिवराबाई खणतात, मी घमेली ओततो. खरं म्हणजे उलट ठरलं होतं. अर्ध्या तासात त्यांनी माझ्या हातातून टिकाव काढून घेतला. "तुमी माती उकरताव का तिला ठराव वाचून दाखवताव?"

तीन घमेली सांडली. तळहाताला दोन फोड.

९ एप्रिल

चार फोड. भिवराबाईंनी हळद-तेल लावलं आणि चिंधी बांधली. भाकरीचा तुकडा दिला, सोबत खर्डा. डोळ्यांतून पाणी आलं. खर्डा तिखट होता.

१३ एप्रिल

लोकांचं वागणं समजत नाही. शेजारच्या मुक्ताबाई मला जन्मात कधी आधी बोलल्या नाहीत. आज हाक मारून म्हणाल्या, "काय शेक्रेटरी, जोडी जोरात हाय म्हणं!" मी सांगितलं की बाविसाव्या पाथीचं काम इतरांच्या मानानं मागेच आहे. त्या हसत हसत घरात पळाल्या.

शहादेवच्या बायकोनं मला चहा देताना डोक्यावरून पदर घेतला. यापूर्वी कधी घेतला नव्हता.

बद्रीनाथनं आज विचारलं, "कडा उन्हाळ्यात सरकत न्हाई बे. तू रोज सांजच्याला टेप घिऊन तिच्या दारात कावून जातूस?" नोंद असावी म्हणून, असं सांगितलं. सत्तावीस वर्षं रोज दूध मोजलं. दूध तेवढंच आलं म्हणून कुणी मोजायचं थांबतं का?

घर ते कडा : २३ फूट. (आमच्या पाथीची माती अजून तोडायची आहे. आधी दगड आणून ठेवतो आहोत.)

१९ एप्रिल

गीताचा फोन. आवाज वेगळा होता.

"आण्णा, तुम्ही देवळाच्या माईकवरून काय जाहीर केलं?"

"हजेरी."

"कोयता म्हणजे काय, माहीत आहे ना तुम्हाला?"

"दोन माणसं."

"कुठली दोन माणसं, आण्णा?"

मी वही उघडली. मग म्हणाली, "इथे बीडमध्ये माझ्या सासूला कुणीतरी विचारलं, व्याह्यांनी दुसरा घरोबा केला का म्हणून." आणि फोन ठेवला.

मी स्वतःच्या हातानं २६ मार्चला लिहून ठेवलं आहे, नवरा-बायको मिळून एक कोयता. आणि ३० तारखेला अर्धा अधिक अर्धा एक करून मोकळा झालो. एवढी मोठी चूक माझ्या हातून कधी झाली नव्हती. लाज वाटते आहे. त्यातही कशाची लाज वाटते ते नीट सांगता येत नाही. त्या विधवा बाईची अब्रू मी माईकवर वाचली आणि रोज त्यांच्या हातची भाकरी खात राहिलो. त्यांना पहिल्या दिवसापासून कळलं असणार. मग त्या बोलल्या का नाहीत?

२० एप्रिल

चूक दुरुस्त केली. पट्टी लावून बाविसाव्या नोंदीवर रेघ मारली. खाली लिहिलं : 'भिवराबाई, अर्धा. सुंदरराव, अर्धा.' माईकवर स्पष्ट वाचलं : "कोयते एकवीस, अर्धे दोन."

कुणी हसलं नाही. मला वाटलं होतं हलकं वाटेल.

२१ एप्रिल

भिवराबाई आल्या नाहीत.

२२ एप्रिल

आल्या नाहीत. घराला कुलूप. मुक्ताबाईंकडून कळलं की त्या छावणीत राहायला गेल्या, त्यांची गाय तिथेच आहे. मी त्यांच्याच भल्यासाठी केलं. त्या रागावल्या असतील तर आधीच्या नोंदीवर रागवायला हवं होतं, दुरुस्तीवर कसा राग येतो?

घर ते कडा : २३ फूट. कुलूप.

९ मे, आखिती

सारजाच्या नावानं घागर भरली. पाणी टँकरचंच. हात जोडल्यावर तिला काहीतरी विचारावंसं वाटलं, पण काय विचारायचं ते ठरेना, तसाच उठलो.

एकवीस पाथी जवळजवळ पुऱ्या झाल्यात. कडा निजला आहे, छान उतार आलाय. फक्त आमची पाथ उभी, आणि दोन्ही बाजूंची माती तोडल्यामुळे ती पुढे आलेल्या दातासारखी दिसते. बद्रीनाथ म्हणाला, "पूर आला की पयली धडक हितंच बसंल. हितून पाणी आत शिरलं की तुजं येक न्हाई, एकवीसच्या एकवीस पाथी मागून उसवल्या जातील." आता दाराशी आलेला धोका आमच्या नादानं वाढून बसलाय.

शहादेवला म्हटलं, तुझ्या दोन कोयत्यांना सांग, दोन दिवसांत होईल.

त्यानं कानाच्या पाळ्या धरल्या. "न्हाई जमायचं. पाथ ज्याची त्यानंच काढायची. तिनं स्वतः सोडल्याबिगर तिच्या पाथीला हत्यार लावलं तर लई मोठा अपमान हाय. मेल्यावाणी मोजली असं होतं ते."

"मग तिला विचार."

"विचारलं. न्हाई सोडीत म्हणती. आन् येतबी न्हाई."

उद्यापासून मी एकटा काढणार. अर्धी पाथ माझीही आहे.

१२ मे

तीन दिवसांत दीड फूट. कंबर धरली.

१४ मे

त्यांना पत्र पाठवलं. मुक्ताबाई छावणीत डबा घेऊन जातात, त्यांच्या हाती दिलं. मसुदा इथे उतरवून ठेवतो :

'विषय : श्रमदानातील आपल्या गैरहजेरीबाबत. महोदया, आपण दि. २१ एप्रिलपासून पूर्वसूचनेशिवाय अनुपस्थित आहात. आपल्या घरासमोरील पाथ अपूर्ण असल्याने आपल्याच घरास धोका संभवतो. तरी त्वरित हजर व्हावे, ही विनंती.'

तीनदा वाचलं. चूक एकही नाही. तरी काहीतरी राहिल्यासारखं वाटतं.

१७ मे

उत्तर आलं, तोंडी. मुक्ताबाईंनी निरोप जसाच्या तसा सांगितला : "शेक्रेटरीला म्हणावं, तुमचा अर्ज चुकीच्या गावाला गेला."

दिवसभर विचार करतो आहे. पत्र छावणीतच दिलं, त्यांच्याच हातात दिलं. मग चुकीचं गाव कोणतं?

१९ मे

स्वतः छावणीत गेलो. चार मैल, चालत. भिवराबाई गाईला वैरण टाकत होत्या. गाईनं माझ्याकडे पाहिलं, त्यांनी पाहिलं नाही.

बरंच बोलायचं ठरवून गेलो होतो. तोंडातून एवढंच निघालं, "कंबर धरली आहे."

"धरंलच. टिकाव वाकून मारायचा आसतो, तुमी ताठ ऱ्हाताव." मग वैरणीची पेंढी खाली टाकून माझ्याकडे वळल्या. "नाव खोडलं कावून?"

"लोक हसत होते."

"हसणाऱ्याला खोडायचं. मला कावून खोडलं?"

मी म्हणालो की तुमच्या अब्रूचा प्रश्न होता.

"मपली अब्रू मला इचारून ठिवा की. तुमी माईकवर वाचलं तवा मी हुभी होते का न्हाई तिथं? न्हाई म्हणाले का? चार वर्सांत पयल्यांदा कुणी मला पुरं लिवलं. एकवीस दिस मी पुरी होते. आन् तुमी पट्टी लावून रेघ मारली. नुसती मारली आसती तर चाललं आसतं. पट्टी लावली!"

त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मला वाटलं होतं ही बाई रडत नाही. "उद्या परत लिहितो," म्हणालो.

"लिवा. पर या वक्ताला इचार करून लिवा."

परतीच्या चार मैलांत विचार केला. लोक काय समजतात ते आता मला माहीत आहे. त्या काय समजतात तेही थोडंफार माहीत आहे. मी काय समजतो तेच कळत नाही. सारजा गेली तेव्हा मी रडलो होतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दूध मोजायला गेलो होतो. आज चालताना मला दोन वेळा हसू आलं. त्रेसष्टाव्या वर्षी भर उन्हात एकट्यानं हसावं, हे बरं लक्षण आहे का?

२० मे

एक अडचण आली. खोडलेली नोंद पुन्हा कायम करायची तर संस्थेच्या रीतीप्रमाणे खाडाखोडीपाशी संबंधित दोघांची सही लागते, आणि दोन साक्षीदारांची. पारावर सगळ्यांसमोर वही उघडली. मी सही केली. भिवराबाईंनी केली, पूर्ण नावानं, 'भिवराबाई'मधल्या वेलांटीला जरा जास्त शेपूट देऊन. साक्षीदार बद्रीनाथ आणि शहादेव. शहादेवनं सही करण्याआधी टोपी सारखी केली.

मग माईकवर वाचलं : "कोयते बावीस."

एवढ्यात मुक्ताबाई ताटलीत गूळ-खोबरं घेऊन आल्या आणि वाटत सुटल्या. मी विचारलं, गूळ कशाचा? काम तर अजून बाकी आहे. भिवराबाईंनी गुळाचा खडा तोंडात टाकला आणि म्हणाल्या, "चला, ऊन व्हायच्या आत चार घमेली हुतील."

४ जून

बाविसावी पाथ पुरी. शेवटच्या दिवशी एकवीस कोयते दगड हातोहात देत होते, कारण भिवराबाईंनी तसं सांगितलं होतं. पाथ सोडली नाही, फक्त हात मागितले.

घर ते कडा : १७ फूट. सहा फूट आम्हीच घालवले. बरोबर केलं की नाही ते पावसाळा सांगेल.

१८ जुलै

पाऊस बेताचा, पण ओल आहे. वाळा लावला. भिवराबाईंचा हात भरभर चालतो, मी दोरी धरतो.

६ सप्टेंबर

गीता आली होती. सकाळी एकटीच वळणावर गेली ती दुपारी परत आली. हातात शेंगदाण्याच्या चटणीची बरणी. मी विचारलं, काय बोलणं झालं? "काही नाही. वाळा दाखवला त्यांनी." जेवताना माझ्याकडे पाहून म्हणाली, "आण्णा, तुम्हीही त्यांच्यासारखं चटणीत लिंबू कधीपासून पिळायला लागलात?" मला आठवेना. एसटीत चढताना म्हणाली, "वही जपून ठेवा." कुठली ते सांगितलं नाही.

२५ सप्टेंबर

काल सकाळी दहाला नदी आली. दोन वर्षांत न पाहिलेलं पाणी, लालभडक, झाडंच्या झाडं घेऊन. सगळं गाव वळणावर. भिवराबाईंनी भांडी, गाय आणि पत्र्याची पेटी आधीच मारुतीच्या देवळात हलवली होती, आणि स्वतः मात्र अंगणात उभ्या होत्या. मी म्हणालो, मागे या. "तुमी या म्होरं," म्हणाल्या. गेलो.

पाणी वळणावर येऊन आदळत होतं आणि पायाखालची जमीन थरथरत होती. अकराव्या पाथीचे दगड गेले. पंधराव्या पाथीच्या दहा-बारा गोण्या सुटून वाहून गेल्या. शहादेव शिव्या देत होता, नदीला की गोण्यांना कळलं नाही. बाविसाव्या पाथीवर पाणी उतारावरून वर चढायचं आणि पुन्हा खाली सरकायचं. मी दगड मोजत होतो. आमचे पायथ्याचे एकशे चाळीस. पाण्याखाली काही दिसत नव्हतं तरी मोजत होतो. भीती वाटत होती. माझा दंड कुणीतरी गच्च धरला होता. तीनच्या सुमारास पाणी उतरायला लागलं तेव्हा दंडावर चार बोटं उमटलेली होती.

आज चिखल वाळला तसा टेप घेऊन गेलो. तीनदा मोजलं.

घर ते कडा : १७ फूट.

बद्रीनाथनं वाळ्याचं एक ठोंब उपटायचा प्रयत्न केला. ते निघालं नाही. तो तिथेच बसला आणि विडी पेटवली.

१३ ऑक्टोबर

दसरा झाला. यंदा थोडाफार ऊस आहे, ट्रक येणार आहेत. शहादेव तोडीची यादी लिहून घ्यायला आला, माझं अक्षर चांगलं म्हणून. एकोणीस कोयते लिहिले. पुढचं विचारायला जीभ जड झाली. शेवटी विचारलं, "भिवराबाईंना अर्ध्यात लिहू?"

"न्हाई. त्यांनी नाव दिलं न्हाई."

"का?"

"म्हणल्या, मपला कोयता पुरा हाय."

"पुरा? कुणाबरोबर?"

शहादेव उठला. यादीची घडी घातली, खिशात टाकली. "तुमी लई शिकलेले हाव, शेक्रेटरी," म्हणाला आणि गेला.

आता सगळीच जनावरं छावणीतून परत आलीत. सोमवारपासून संस्था उघडायची आहे. सकाळी दूध घ्यायला एक माणूस लागेल, वाचता येणारं आणि मापात न चुकणारं. ठराव करावा लागेल.

१४ ऑक्टोबर

संध्याकाळी टेप घेऊन गेलो. घर ते कडा : १७ फूट. लिहून घेतलं आणि निघालो.

भिवराबाई गाईची धार काढत होत्या. तिथूनच म्हणाल्या, "शेक्रेटरी, सात म्हैने झाले, हितून तिकडं मोजताव. येक दिस हितून तुमच्या दारापस्तोर मोजा की."

मी म्हणालो, टेप पन्नास फुटांचाच आहे.

"मग उचलून उचलून मोजू. दुसरं टोक मी धरते."

हात धुऊन आल्या. मोजत निघालो. त्या पुढे, मी मागे. टेप ताणला की त्या टाचेनं खूण करायच्या, मग मी तिथवर जायचो. सगळी आळी दारात आली. मुक्ताबाईंनी विचारलं, रस्ता व्हणार हाय का? भिवराबाई म्हणाल्या, "व्हय." मी काही बोललो नाही. मोजताना बोललं की आकडा चुकतो.

दारात पोचलो. माझ्या मते टेप तेरा वेळा उचलला, वर तीस फूट, म्हणजे सहाशे ऐंशी. त्यांच्या मते बाराच वेळा. दोघांपैकी एकाची चूक आहे. उद्या सकाळी पुन्हा मोजायचं ठरलं. त्या उंबऱ्यावर बसल्या, मी चहा केला. दूध त्यांच्या गाईचं होतं.

घर ते घर : ६८० फूट. (दुरुस्तीस अधीन.)

त्या गेल्यावर वही घेऊन बसलो. आणखी एक नोंद करायची होती, पण ती सकाळमध्ये बसेना, संध्याकाळमध्ये बसेना आणि लिटरमध्ये तर नाहीच नाही. सबब 'फॅट'च्या रकान्यात लिहितो : मला आनंद झाला आहे.